पट ४१: लालबागची शाळा समायोजित करावी का?

गिरणगावकर
आमच्या मराठी शाळेचा सहावी ते आठवीचा पट यंदा ४१ आहे. पुढच्या जूनपासून हे वर्ग दीड किलोमीटरवरच्या शाळेत समायोजित करणार, असं संस्थेनं पालकसभेत सांगितलं. कारणं दोन दिली, पट नाही आणि गुणवत्ता नाही. पटाचं मला मान्य आहे. गुणवत्तेचं मात्र मुळीच मान्य नाही.

मी शिकत होतो तेव्हा एकेका इयत्तेच्या तीन तुकड्या होत्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, माणसं डोंबिवली, बदलापूर, नालासोपाऱ्याला गेली. जी राहिली त्यांनी मुलं इंग्रजी माध्यमात घातली. आज बाकावर बसतात ती वॉचमनची, घरकाम करणाऱ्या बायांची, मराठवाड्यातून बांधकामावर आलेल्यांची मुलं. काहींच्या घरी भोजपुरी बोलतात, एकीच्या घरी नेपाळी.

गेल्या वर्षी आठवीत ११ मुलं होती. तीन नापास झाली, म्हणून निकाल ७३ टक्के. त्यातलं एक पास झालं असतं तर हाच निकाल ८२ झाला असता. एका मुलामागे नऊ टक्के हलणाऱ्या आकड्यावरून शाळेची गुणवत्ता कशी ठरवणार?

मी शनिवारी तिथे गणित घेतो. त्या तिघांतला एक मुलगा नोव्हेंबरमध्ये आला, दाखला नव्हता. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वय बघून आठवीत बसवला, आणि ते योग्यच झालं. वडील फरशी बसवतात. त्याला विचारलं, बारा बाय दहा फुटांच्या खोलीला दोन बाय दोनच्या किती फरशा लागतील? तो म्हणाला, "तीस. पण बत्तीस मागवायच्या, कापताना फुटतात." पेपरात 'क्षेत्रफळ काढा' असं लिहिलं होतं. ते वाक्य त्याला वाचता आलं नाही, कारण त्याची अक्षरओळख दुसरीच्या मुलाएवढी आहे. गणितात नापास.

आकडेमोड
टक्केवारीचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. पण मग तोच नियम उलटाही लावा. पुढच्या वर्षी अकराच्या अकरा पास झाली तर 'शाळा सुधारली' असंही म्हणता येणार नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक हवा असं लिहिलंय. तुमच्या शाळेत किती आहेत? माझ्या माहितीप्रमाणे दोन, आणि त्यातल्या एका सरांकडे मुख्याध्यापकाचं कामही आहे. सर यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीची, माहिती भरायला बसले की वर्ग मोकळा. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाचा रोखही स्पष्ट आहे, सहावी-आठवीचा पट वीसच्या खाली गेला की शिक्षकाचं पदच मिळत नाही. तुम्ही आज ४१ वर आहात. उद्या मुलंही जातील आणि शिक्षकही. त्यापेक्षा आत्ताच नीट हलवलेलं काय वाईट?

आणि एक सांगतो, मनापासून. 'मुलं गरीब आहेत, मध्येच आली' हे दरवेळी पुढे केलं तर शिकवणाऱ्यांना जाब कधी विचारायचा?

सातवीची_आई
मी माझी मुलगी सहावीनंतर तिथून काढली. मला पट आणि टक्के कळत नाहीत, मी वही बघत होते. सहावी आणि सातवी एकाच खोलीत बसायची. सातवीला शिकवायचं चाललं की सहावीनं फळ्यावरचं उतरवून काढायचं. वहीत अक्षर सुंदर, पण विचारलं तर काहीच सांगता येईना. वर्गात मुली तीनच, त्यातली एक गावी गेली की उरल्या दोन. नव्या शाळेत तिनं पहिल्यांदा परीक्षानळी हातात धरली, घरी येऊन तासभर तेच सांगत होती. दादा, तुमची माया कळते. पण तुमच्या आठवणींसाठी आमच्या पोरींनी तिथे थांबायचं का?

निवृत्त_बाई
ताई, तुमचं दुःख खरं आहे. दोन इयत्ता एका खोलीत बसवणं मी स्वतः केलंय आणि ते चूकच होतं. मी उच्च प्राथमिकला २९ वर्षं शिकवलं. पण समायोजनही मी बघितलंय, म्हणून लिहिते. आमच्या शेजारची शाळा अशीच हलवली. कागदावर सगळं नियमात होतं, सहावी-आठवीला तीन किलोमीटरपर्यंतची शाळा चालते. जूनमध्ये सगळ्यांची नावं नव्या हजेरीवर चढली. दिवाळीनंतर मी भाजी घ्यायला गेले, तर त्या शाळेतली सातवीची एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी. आधी ती त्याला त्याच इमारतीतल्या बालवाडीत सोडून वर वर्गात यायची. नवी शाळा लांब पडली, भावाला सोडणारं कोणी नाही, तिची शाळा सुटली. नाव मात्र पटावर होतंच.

आकडेमोड, जाब जरूर विचारा. पण कशाचा, ते आधी ठरवा. जूनमध्ये मूल किती वाचत होतं आणि मार्चमध्ये किती वाचतं, हे विचारा. नोव्हेंबरमध्ये आलेलं मूल मार्चपर्यंत जोडाक्षरं वाचायला लागलं, तर त्या शिक्षकानं काम केलंय. निकालपत्रात त्याला रकानाच नाही.

आकडेमोड
बाई, हे पटलं. रकाना हवाच. पण जून ते मार्च मोजायलाही रोज वर्गावर उभा राहणारा शिक्षक लागतो. तो नसेल तर कुठला रकाना भरणार? शिवाय खेळांचं काय? कबड्डीला सात लागतात. आठवीच्या अकरांत मुलं-मुली वेगळी केली की दोघांचे संघ होत नाहीत.

गिरणगावकर
ताई, तुमचं वाक्य लागलं, आणि लागायलाच हवं होतं. तुमच्या मुलीची शाळा बदलली हे बरंच झालं. तुम्ही घरी वही बघत होता, तिला सोडायला-आणायला कोणीतरी होतं. ज्यांच्या घरी कोणी नाही, त्या मुलांसाठी मी भांडतोय. एकत्र वर्गाचं समर्थन मी करणार नाही. आधी लिहिताना ते मी टाळलं, ही माझी चूक.

आता माझी मागणी एवढीच आहे. ४१ नावांची यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, घर कुठे, सोबत कोण, रस्ता कोणता ओलांडावा लागतो, धाकटं भावंड कुठे असतं. आणि आज किती वाचता येतं. आत्ता सातवीत असलेली तीन मुलं पुढच्या वर्षी 'एनएमएमएस'ला, म्हणजे आठवीत होणाऱ्या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेला, बसणार आहेत. निवड यादीत आली तर नववीपासून वर्षाला १२,००० रुपये मिळतील. त्यांची तयारी मध्येच तुटायला नको. ज्याची नीट सोय लागते त्याला खुशाल हलवा. ज्या नावापुढे 'सोबत कोणी नाही' असेल, त्याच्या ने-आणीची जबाबदारी संस्थेनं आधी लेखी घ्यावी.

निवृत्त_बाई
यादीला मी येते. शाळेत बसून नको, घरोघर जाऊन करू. आया कामावरून आठनंतर येतात, तेव्हाच भेटतील.

सातवीची_आई
आमच्या गल्लीतली सहा घरं मला माहीत आहेत. ती मी करते.