शब्दचर्चा: 'हाय-स्पीड रेल'ला मराठीत काय म्हणावे?

रूपांतर

नमस्कार. पुण्यातील एका अभ्यासगटासाठी मी एका इंग्रजी टिपणाचे मराठी भाषांतर करीत आहे. विषय आहे प्रवासी रेल्वेत येत्या काळात होऊ घातलेली गुंतवणूक आणि गाड्यांचे तंत्रज्ञान. 'हाय-स्पीड रेल' हा शब्द त्यात जवळजवळ प्रत्येक परिच्छेदात येतो आणि मी त्यासाठी 'द्रुतगती लोहमार्ग' असा शब्द योजला. मसुदा तपासणाऱ्यांनी तो सर्वत्र खोडून 'बुलेट ट्रेन' केले व समासात लिहिले, की वाचकाला हेच कळते. दुसऱ्या एका सहकाऱ्याने 'अतिजलद रेल्वे' सुचवले आहे. मला दोन्ही शब्द अमान्य आहेत. कारणे मांडतो आणि आपली मते मागतो.

'बुलेट ट्रेन' हे गाडीचे नाव आहे आणि टिपण मुख्यतः मार्गाविषयी आहे. ज्या जपानमधून ही कल्पना आपल्याकडे आली, तिथे १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो-ओसाका सेवा सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'शिन्कान्सेन' होते, म्हणजे 'नवा मुख्य लोहमार्ग'. बंदुकीच्या गोळीची उपमा असलेले 'दांगान रेश्शा' हे नाव त्याआधीच्या, युद्धकाळातील योजनेचे होते. जपान्यांनी मार्गाचे नाव ठेवले आणि जगाने गोळी उचलली.

'अतिजलद' हा शब्द आपल्याकडे आधीच कामाला लागलेला आहे. भारतीय रेल्वेत ब्रॉडगेजवर ताशी सरासरी ५५ किलोमीटर वेग राखणारी गाडी 'सुपरफास्ट' ठरते आणि मराठीत तिलाच अतिजलद म्हणतात. ताशी ३२० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीला तेच विशेषण दिले, तर वाचकाच्या मनात कोणते चित्र उभे राहील?

हा केवळ शब्दलालित्याचा प्रश्न असता तर मी आपला वेळ घेतला नसता. मुंबई-अहमदाबाद मार्गाची लांबी ५०८ किलोमीटर आणि मूळ अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी रुपये. हा पैसा प्रामुख्याने उन्नत मार्ग, पूल, स्थानके, जमीन आणि वांद्रे-कुर्ला संकुल ते शिळफाटा या २१ किलोमीटरच्या बोगद्यात जातो; त्यातले ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून आहेत. गाड्यांचा वाटा त्या मानाने लहान. मराठी वाचकाने प्रत्येक ठिकाणी 'बुलेट ट्रेन' वाचले तर एवढ्या रकमेत गाड्याच विकत घेतल्या जात आहेत असे त्याला वाटेल, आणि सार्वजनिक पैशाविषयीची चर्चा पहिल्या पावलालाच चुकेल.

जोडीला दुसरा प्रश्न. पुणे-नाशिक मार्गाच्या संदर्भात येणाऱ्या 'सेमी हाय-स्पीड' या शब्दाचे काय करावे?

घाटमाथा

'लोहमार्ग' या शब्दाला माझा मनापासून पाठिंबा आहे. माझी सारी नोकरी मुंबई-पुणे विभागात गेली. कामावर आम्ही 'लाइन', 'सेक्शन', 'ब्लॉक' हेच शब्द वापरीत असू. 'लोहमार्ग' हा शब्द फक्त लोहमार्ग पोलिसांच्या पाटीवर दिसायचा. तरी तो शब्द अचूक आहे, कारण वेग हा गाडीचा गुण आहे ही समजूत घाटात काम केलेल्या माणसाकडे टिकत नाही.

बोरघाटाची चढण १ : ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेले की गाडी १ मीटर वर चढते. म्हणूनच कर्जतला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने लागतात. मुंबई-सोलापूर वंदे भारतला निम्म्या डब्यांमध्ये विभागलेल्या मोटारींमुळे बँकरची गरज पडत नाही. मात्र ताशी १८० किलोमीटरसाठी आरेखित केलेली हीच गाडी घाटातल्या वळणांवर आली, की तिला घाटाच्याच वेगाने जावे लागते. दख्खनची राणी १ जून १९३० रोजी सुरू झाली. मुंबई-पुणे हे १९२ किलोमीटरचे अंतर कापायला ती आजही तीन तासांहून थोडा अधिक वेळ घेते. १९६५ साली तोक्यो-ओसाका हे ५१५ किलोमीटरचे अंतर ३ तास १० मिनिटांत कापले जाऊ लागले होते. हा फरक डब्यांचा नसून वळणांचा आणि चढणीचा आहे. जपानच्या त्या पहिल्या मार्गावर वळणाची किमान त्रिज्या साधारणपणे २,५०० मीटर ठेवली होती. मुंबई-अहमदाबादसाठी ती ६,००० मीटर धरली आहे. अशी वळणे सह्याद्रीत जुन्या मार्गाच्या कडेने आखता येत नाहीत, त्यासाठी डोंगराच्या पोटातूनच जावे लागते. पुण्याला खऱ्या अर्थाने वेगवान रेल्वे हवी असेल, तर गाडी कोणती हा प्रश्न फार पुढचा आहे.

चाल-वेग

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून 'द्रुतगती'वर माझा आक्षेप नोंदवते. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'गती' म्हणजे वस्तूची हालचाल, 'चाल' म्हणजे एकक काळात कापलेले अंतर आणि 'वेग' म्हणजे दिशेसह चाल. इंग्रजी शब्दातल्या 'स्पीड'ला नेमका प्रतिशब्द 'चाल' हा आहे. नववीतल्या मुलांना हा भेद पक्का करून देण्यात आमची वर्षे जातात आणि बाहेरच्या फलकांवर मात्र 'गती', 'वेग' व 'चाल' एकमेकांच्या जागी बसलेले असतात. लोहमार्गाच्या बाबतीत एक गोष्ट विचारात घ्यावी: गाडीला दिशा रूळच देतात, त्यामुळे इथे 'वेग' म्हटले तरी शास्त्राला फारसा धक्का लागत नाही. 'वेगवान लोहमार्ग' मला चालेल, 'द्रुतगती' नको.

कोथरूडची सून

मॅडम, बोलण्यातल्या भाषेला भौतिकशास्त्राची व्याख्या लावू नये, ही विनंती. 'गाडीची चाल' म्हटल्यावर कुणाच्याही डोळ्यांपुढे ताशी किलोमीटर येत नाहीत.

माझे मत सरळ आहे. लोक 'बुलेट ट्रेन' म्हणतात, तर 'बुलेट ट्रेन' लिहावे. मुंबई-पुणे रस्त्याचे अधिकृत नाव 'यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग' आहे. तो २००२ साली पूर्ण झाला, आणि आज माझ्या घरात, सोसायटीत किंवा स्वारगेटच्या थांब्यावर 'द्रुतगती' म्हणणारा माणूस मला आढळत नाही. सर्वांच्या तोंडी 'एक्स्प्रेस वे' आहे. 'फलाट', 'रूळ', 'सांधा', 'सांधेवाला' हे शब्द रुजले, कारण ते रुळांवर काम करणाऱ्यांच्या तोंडून आले. 'फलाट' तर 'प्लॅटफॉर्म'च झिजून झालेला आहे. 'आगगाडी'तली आग वाफेच्या इंजिनांबरोबर गेली, तरी माझी आजी विजेच्या गाडीलाही आगगाडीच म्हणत असे आणि तिचे काही अडले नाही. तेव्हा 'बुलेट ट्रेन' हे मार्गाचे नाव आहे की गाडीचे, याची चिंता वाचक करणार नाही.

रूपांतर

आजी प्रवासी होत्या; त्यांना गाडीत बसायचे होते. माझा वाचक करदाता आहे आणि त्याला ठरवायचे आहे की पैसा कशात घालावा. फ्रान्सचे उदाहरण पाहा. तिथे १९८१ मध्ये पॅरिस-लियों दरम्यान वेगवान गाड्या सुरू झाल्या. त्या गाड्या नव्या मार्गावर वेगाने धावत आणि शहराजवळ जुन्या रुळांवरून जुन्याच स्थानकात शिरत, कारण नव्या आणि जुन्या दोन्ही मार्गांवर रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटरच होते. जपानचे जुने रूळ १,०६७ मिलिमीटरचे आणि नवे १,४३५चे असल्यामुळे त्यांना शहराच्या मध्यापर्यंत नवा मार्ग बांधणे भाग पडले. आपले ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे आहे आणि मुंबई-अहमदाबाद मार्ग १,४३५ मिलिमीटरचा होत आहे, म्हणजे आपण जपानची वाट धरली. या निवडीचा परिणाम पुढची पन्नास वर्षे राहणार आहे, कारण उद्या मुंबई-पुणे-हैदराबाद हा ७११ किलोमीटरचा प्रस्तावित मार्ग झाला, तर त्यावरची गाडी पुण्याच्या सध्याच्या फलाटाला लागू शकणार नाही. 'बुलेट ट्रेन' या शब्दात हा सगळा विचार झाकला जातो, म्हणून माझा विरोध आहे.

विलंबित

'द्रुत' हा शब्द या शहरात कुणाला परका वाटावा, याचे मला नवल वाटते. सवाई गंधर्व महोत्सवाला येणारा श्रोता विलंबित, मध्य आणि द्रुत हे तीन शब्द सहज वापरतो. लयीची ही नावे सापेक्ष असतात. एकाची मध्यलय दुसऱ्याला द्रुत वाटू शकते. रेल्वेच्या बाबतीत नेमका हाच गुण उपयोगी आहे. १९६४ साली ताशी २१० किलोमीटर हा जगाला थक्क करणारा वेग होता. आज आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या व्याख्येप्रमाणे नव्या मार्गावर ताशी २५०, तर सुधारलेल्या जुन्या मार्गावर सुमारे २०० किलोमीटर हा उंबरठा आहे. चीनमध्ये ताशी ३५० किलोमीटरची नियमित सेवा आहे, फ्रान्समध्ये २००७ साली चाचणीत रुळावरच्या गाडीने ५७४.८चा वेग गाठला आणि जपानच्या चुंबकाच्या बळावर तरंगणाऱ्या गाडीने २०१५ मध्ये ६०३. आकडा सरकत राहणार, म्हणून आकड्याला न बांधलेला शब्दच टिकेल. 'सेमी हाय-स्पीड'ला 'मध्यगती' म्हणावे, असे मी सुचवतो.

घाटमाथा

विलंबित यांचे म्हणणे ऐकायला गोड आहे, तरी रेल्वेत उंबरठ्याला अर्थ असतो. ताशी ३२० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८९ मीटर. या वेगाला चालकाने खांबावरचा सिग्नल पाहून ब्रेक लावण्याची पद्धत चालत नाही; सिग्नल चालकाच्या कक्षातच दाखवावा लागतो आणि वेग ओलांडला गेल्यास यंत्रणेने आपण होऊन ब्रेक लावावा लागतो. जपानने ही व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवली आणि तिथे शिन्कान्सेन गाडी घसरून वा धडकून एकाही प्रवाशाचा मृत्यू झालेला नाही. रूळ खडीवर ठेवायचे की काँक्रीटच्या लादीवर, हेही इथेच ठरते. मुंबई-अहमदाबादला लादी आहे. वेग एका हद्दीपलीकडे गेला की रेल्वेची जातच बदलते. 'मध्यगती' म्हटल्याने ती दोहोंच्या मधली पायरी वाटते, प्रत्यक्षात ती सुधारलेली जुनीच रेल्वे असू शकते.

ठेव-पावती

आपण सर्व जण 'वेग' आणि 'गती'त अडकलात. मला त्याच टिपणातला 'गुंतवणूक' हा शब्द अधिक खटकतो. गुंतवणूक म्हटले की मराठी माणूस परताव्याची वाट पाहतो. मुंबई-अहमदाबादसाठी जपानने देऊ केलेले कर्ज प्रकल्पखर्चाच्या सुमारे ८१ टक्के, व्याज ०.१ टक्का, परतफेड ५० वर्षांत आणि पहिली १५ वर्षे हप्ता नाही. हे कर्ज आहे आणि त्याला कर्जच म्हणावे. जपानने स्वतःच्या पहिल्या मार्गासाठी १९६१ मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर घेतले, खर्च अंदाजाच्या जवळपास दुप्पट झाला आणि तो मार्ग ज्यांनी हट्टाने उभा केला ते राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी यांना उद्घाटनाआधीच पद सोडावे लागले. पुढे त्याच मार्गाने भरभरून उत्पन्न दिले. तैवानमध्ये ३५० किलोमीटरचा मार्ग खासगी कंपनीने बांधून २००७ मध्ये चालू केला. प्रवासी मिळाले, तरी घसारा आणि व्याज पेलेना, तेव्हा २०१५ मध्ये तिची आर्थिक पुनर्रचना करून मार्ग चालवण्याच्या परवान्याची मुदत ३५ वर्षांवरून ७० वर्षांवर न्यावी लागली. ब्रिटनने २०२३ मध्ये एचएस-टू या वेगवान लोहमार्गाचा उत्तरेकडचा भाग रद्द केला. या चारही गोष्टींना 'गुंतवणूक' हा एकच शब्द कसा पुरेल? मी 'भांडवली खर्च' म्हणेन.

रूपांतर

'भांडवली खर्च' म्हटले की फायद्याची बाजू पुसली जाते. तिकिटातून पैसा वसूल झाला नाही, तरी प्रवाशांचा वाचलेला वेळ आणि स्थानकाभोवतीच्या जमिनीचे वाढलेले मोल हे परतावेच आहेत. ते फक्त रेल्वेच्या खात्यावर जमा होत नाहीत. वैयक्तिक मत असे, की 'सार्वजनिक गुंतवणूक' लिहावे. माझा मूळ प्रश्न मात्र अजून लोहमार्गाचा आहे.

ठेव-पावती

जमिनीचे मोल ज्याच्या सातबाऱ्यावर वाढते, परतावा त्याचा. करदात्याची ती गुंतवणूक कशी? मी माझ्या शब्दावर ठाम आहे.

शुद्धमती

'सेमी'साठी 'निम' हा उपसर्ग कुणालाच कसा आठवला नाही? 'निमसरकारी', 'निमलष्करी', 'निमशहरी' हे आपण रोज लिहितो. 'निमद्रुतगती' म्हणावे. फारसीतून आला म्हणून कुणी नाक मुरडू नये, कारण फारसी 'नीम' आणि संस्कृत 'नेम' हे एकाच मुळाचे आहेत. पाणिनीच्या सर्वनामांच्या गणात 'नेम' आहे आणि त्याचा अर्थ अर्धा. शब्द परका नाही, फक्त फिरून आला आहे.

चाल-वेग

व्युत्पत्ती रंजक आहे, परंतु अर्थ बिघडतो. 'निम' म्हणजे अर्धे. पुणे-नाशिकसाठी ताशी २०० किलोमीटरचा वेग आखला होता. तो ३२०च्या निम्मा नाही आणि ५५च्या तर जवळजवळ चौपट आहे. 'निमलष्करी'मध्ये मोजमाप नाही, म्हणून तिथे 'निम' खपते. जिथे आकडा आहे तिथे ते फसवे ठरेल.

कोथरूडची सून

पुणे-नाशिकचा विषय निघालाच आहे, तर सांगते. माझे माहेर नारायणगावचे. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला विजेच्या गाड्यांचा व्यत्यय येईल म्हणून तिथून जाणारी आखणी अडली. माहेरी या प्रकल्पाला सगळे 'नाशिकची रेल्वे' म्हणतात. ना सेमी, ना निम, ना मध्य. कुठून जाणार, हेच विचारतात.

रूपांतर

तेच तर विचारायला हवे, आणि ते मार्गाविषयी विचारतात, गाडीविषयी नाही. मसुद्यात 'द्रुतगती लोहमार्ग' कायम ठेवत आहे. पहिल्या उल्लेखाजवळ 'ताशी २५० किलोमीटर किंवा अधिक वेगासाठी नव्याने बांधलेला मार्ग' अशी व्याख्या देईन आणि 'बुलेट ट्रेन' फक्त गाडीचा उल्लेख असेल तिथेच वापरेन. 'सेमी'ची जागा अजून मोकळी आहे. 'निम' आणि 'मध्य' सोडून कुणाला काही सुचत असल्यास जरूर लिहावे.

शुद्धमती

'निम' का सोडायचे, हे चाल-वेग यांनी पटेल असे सांगितलेले नाही. 'निमगोरा' म्हणताना कोणी रंग मोजतो का?