ग्लुटेन नाही, दूध नाही, कांदा-लसूण नाही : मग खायचं काय?

प्रेषक: एक नवा सभासद

नमस्कार मंडळी,

मला सिलिॲक आजार असल्याचं निदान नुकतंच पक्कं झालं. गहू, बार्ली, राय, म्हणजे ज्यांत ग्लुटेन हे प्रथिन असतं ते सगळं बंद केलं. अंगातला थकवा हळूहळू उतरतोय, पण पोट काही शांत होत नाही. दूध घेतलं की गुडगुड सुरू, आणि कांदा-लसूण घातलेलं काही खाल्लं की दुपारभर पोट टम्म. भेटेल तो आणखी एक पदार्थ सोडायला सांगतो. डाळी सोडा, टोमॅटो सोडा, अंडी सोडा. सोडता सोडता ताटात भात आणि दोन-चार भाज्या उरल्यात, आणि वजन उतरतंय.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ग्लुटेनबरोबर आणखी काही न सोसणारं कुणी आपल्यात आहे का, आणि रोजचं कसं निभावता? दुसरं, पुढच्या स्नेहभोजनाला मी घरचा डबा आणला तर कुणाला वाईट वाटेल का?

---

प्रेषक: एक जुनी सभासद

नमस्कार,

डबा बिनदिक्कत घेऊन या. मीही आणते. पहिला प्रश्न मोठा आहे, त्यामुळे हे पत्रही लांबणार.

माझ्या यादीत ग्लुटेन, लॅक्टोज आणि फ्रुक्टान अशी तीन नावं होती, आणि तिन्हींपुढे एकच शब्द लिहिलेला होता : वर्ज्य. माझ्या मते घोळ तिथेच होतो. या तिघांचे स्वभाव वेगळे आहेत, त्यामुळे पथ्यंही वेगळी. तिघांना एकाच काठीने हाकलं तर एक तर माणूस उपाशी राहतो, नाही तर कंटाळून नको तिथे ढिलाई करतो.

ग्लुटेनपासून सुरू करते. सिलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. त्या अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, आणि अन्नातलं सत्त्व त्यांच्यामार्फतच शोषलं जातं. ते उंचवटे झिजून सपाट होतात, म्हणून लोह कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, थकवा येतो. इथे ‘थोडंसं चालेल’ हा हिशेबच नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिलिॲक असलेल्या लोकांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिलं, आणि तेवढ्यानेही अस्तर बिघडलेलं दिसलं. पावाच्या एका चकतीत साधारण 2 ग्रॅम किंवा त्याहून जास्त ग्लुटेन असतं. म्हणजे हे 50 मिलिग्रॅम फार तर चिमूटभर चुऱ्यात येतं. शिवाय त्रास झाला नाही म्हणजे इजा झाली नाही, असंही समजता येत नाही.

म्हणून टोस्टर वेगळा, पिठाची चाळणी वेगळी, लाकडी लाटणं वेगळं. गव्हाच्या पिठात घोळवलेलं काही ज्या तेलात तळलं ते तेल आपलं नाही. तापवल्याने ग्लुटेन नष्ट होत नाही आणि सॅनिटायझरने हातावरून जात नाही. साबण-पाण्याने धुतल्यावरच जातं. ओट्स घ्यायचे तर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहिलेलेच, कारण साध्या ओट्समध्ये गहू-बार्लीची भेसळ सर्रास असते. शुद्ध ओट्सही काही थोड्या लोकांना सोसत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. पाकिटावरच्या ‘ग्लुटेन-फ्री’ या शब्दांचा अर्थ कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही, असा आहे.

आता दूध. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे विकर (एन्झाइम) त्याच उंचवट्यांच्या टोकांवर असतं. टोकं झिजली की लॅक्टेज आटतं. नव्याने सिलिॲक कळलेल्या माणसाला दूध बाधतं ते पुष्कळदा यामुळेच. ग्लुटेन काटेकोरपणे बंद ठेवून अस्तर भरून आलं की बऱ्याच जणांना दूध पुन्हा पचायला लागतं. मोठ्या माणसांत याला काही महिने लागतात, कधी दोन-तीन वर्षंही जातात. तेव्हा दुधावर आत्ताच कायमची काट मारू नका. आणि इथे कणाचा नाही, मापाचा प्रश्न आहे. लॅक्टोज न पचणाऱ्या बहुतेक मोठ्यांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे कपभर दुधात असतं तेवढं, फारशा त्रासाशिवाय चालतं, जेवणाबरोबर घेतलं तर जास्तच. अस्तर अजून कच्चं असताना तुमची मर्यादा याहून कमी असेल. पण मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज जवळजवळ नसतंच, आणि लॅक्टोज-फ्री दुधात कॅल्शियम नेहमीइतकंच असतं. मात्र कुणाला दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर ती गोष्टच निराळी. लॅक्टोज-फ्री दूधही त्या माणसाला धोक्याचं आहे.

कांदा-लसणातलं फ्रुक्टान हे तिसरं, आणि याच्याबद्दल लोक सगळ्यात जास्त घाबरतात. खरं तर यात आतड्याला इजा होत नाही. फ्रुक्टान कुणाच्याच लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जातं, तिथले जिवाणू ते आंबवतात, वायू धरतो. ज्याचं आतडं हळवं त्याला ते जाणवतं. दिवसभरात असं काय काय आणि किती गेलं, त्याची बेरीज होते. सकाळी थोडं चाललं आणि रात्री तेच बाधलं, असं होतं ते या बेरजेमुळे. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या लो-फॉडमॅप आहाराचा, म्हणजे आतड्यात आंबणारे असे पदार्थ कमी करण्याच्या आहाराचा पाया हाच आहे. पण त्या आहारातला ‘सगळं बंद’ हा टप्पा फक्त दोन ते सहा आठवड्यांचा आहे. पुढे एकेक पदार्थ परत घेऊन आपली मर्यादा शोधायची असते. लोक पहिल्याच टप्प्यात मुक्काम ठोकतात, आणि तुमचं वजन उतरतंय म्हणून मला तीच भीती वाटते. हा प्रयोग आहारतज्ज्ञ सोबत असल्याशिवाय करू नका.

लसणाच्या चवीवाचून माझं अडायचं, म्हणून एक युक्ती सांगते. फ्रुक्टान पाण्यात विरघळतं, तेलात नाही. तेल मंद आचेवर ठेवून त्यात अख्ख्या पाकळ्या टाका, कडा बदामी होऊन वास सुटला की सगळ्या पाकळ्या काढून टाका, आणि त्या तेलात फोडणी करा. पातळ रस्श्यात अख्खी पाकळी उकळून मग काढली तर उपयोग नाही, फ्रुक्टान रस्श्यात उतरलेलं असतं. हे तेल त्या वेळेपुरतंच करा. लसूण घातलेलं तेल बाहेर ठेवून दिलं तर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. कांद्याच्या जागी पातीचा फक्त हिरवा भाग चालतो.

सगळ्यात जास्त डोकं लावावं लागतं ते दोन पथ्यं एकमेकांना छेदतात तिथे. ग्लुटेन-फ्री पावाचं पाकीट उलटून वाचा. तांदळाचं पीठ, टॅपिओका स्टार्च, अंड्याचा पांढरा बलक, इथवर ठीक. पुढे दुधाची पावडर, आणि त्याच्याही पुढे ‘इन्युलिन’ किंवा ‘चिकोरी फायबर’. इन्युलिन म्हणजे फ्रुक्टानच! पाव मऊ राहावा, त्यात तंतू यावेत म्हणून घालतात. काही पाकिटांत सॉर्बिटॉलही असतं, त्यानेही पोट फुगतं. समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं ग्लुटेनपुरतं खरं असतं, बाकीच्या दोघांबद्दल ते काहीच सांगत नाही. हिंगाचीही तीच गत. कांदा-लसणाऐवजी हिंग घाला असा सल्ला मिळतो, पण बाजारातल्या कुटलेल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधून घ्या.

डाळी, टोमॅटो, अंडी हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून सोडलंत? तपासणीत काही निघालं नसेल तर एकेक करून परत आणायचं कसं ते आहारतज्ज्ञांना विचारा. वहीत पदार्थ, माप आणि वेळ लिहा, आणि एका वेळी एकच बदल करा. नुसत्या भातावर राहिलात तर तंतू, लोह, फोलेट, बी-12 सगळंच कमी पडेल. ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा यांत ग्लुटेन नसतं, फक्त गहू दळलेल्या गिरणीतून आलेलं पीठ नको. नावाने फसू नका : बकव्हीट गहू नाही, पण स्पेल्ट गहूच आहे, आणि माल्ट म्हणजे बहुतेक वेळा बार्ली.

---

प्रेषक: आणखी एक सभासद

ताई, फार उपयोगी लिहिलंत. मी कुठलीही तपासणी न करता गहू सोडला आणि पोट एकदम हलकं झालं. आता बरं वाटतंय तर तपासणी कशाला? आणि रक्ताच्या एका थेंबावरून शंभरेक पदार्थांची ‘न सोसणाऱ्यांची’ यादी देणारी चाचणी मिळते, ती करावी का?

---

प्रेषक: एक जुनी सभासद

दादा, तपासणी कराच. सिलिॲक असेल तर तुमच्या आई-वडिलांना, भावंडांना, मुलांनाही तपासावं लागतं, कारण जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला तो निघतो. एरवी शंभरात एखाद्याला. अडचण एवढीच की टीटीजी ही रक्ताची चाचणी आणि आतड्याची बायोप्सी ग्लुटेन खात असतानाच खरं सांगतात. सोडून बरेच दिवस झाले असतील तर काही आठवडे परत खावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. त्याआधी डीक्यू-2 आणि डीक्यू-8 या जनुकांची चाचणी करता येते, तिला पथ्याची आडकाठी नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिॲक जवळपास बाद.

सिलिॲक नसूनही गहू सोडल्यावर बरं वाटतं, ते खरंच असतं. पण कारण ग्लुटेनच असेल असं नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी 2018 मध्ये अशा 59 जणांना ग्लुटेन, फ्रुक्टान आणि दोन्ही नसलेल्या वड्या कुठली कुठली ते न सांगता खायला दिल्या. जास्त त्रास झाला फ्रुक्टानच्या वड्यांनी. तुमचंही तसं निघालं तर चुऱ्याला घाबरून जगायची गरजच उरणार नाही, केवढी सुटका!

त्या शंभर पदार्थांच्या चाचणीवर पैसे घालू नका. ती सहसा रक्तातली आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजते, आणि आयजीजी एवढंच सांगतं की तो पदार्थ तुम्ही खाल्लेला आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ती करू नये असं स्पष्ट म्हटलंय. तिच्या नादाने मुलांच्या ताटातून दूध, अंडी, शेंगदाणे उडवले जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

---

प्रेषक: जेवण समिती

नमस्कार. हे सगळं वाचून समितीला वाटतं की स्नेहभोजनाचं एक टेबल ग्लुटेन-फ्री ठेवावं. ताई, काय काळजी घ्यायची?

---

प्रेषक: एक जुनी सभासद

समितीचे मनापासून आभार. टेबल वेगळं हवं, आणि गव्हाच्या पदार्थांपासून लांब हवं. प्रत्येक भांड्याला स्वतःचा डाव, आणि तो दुसऱ्या भांड्यात जाता कामा नये. पथ्यवाल्यांना पहिल्यांदा वाढून घेऊ द्या. अर्ध्या तासात डावांची अदलाबदल होतेच, मुद्दाम कुणी करत नाही.

‘ग्लुटेन-फ्री’ एवढीच चिठ्ठी लावू नका. काय काय घातलंय ते सगळं लिहा, हिंग आणि तयार मसाल्यासकट, आणि विकतच्या वस्तूंची पाकिटं टाकून न देता भांड्याशेजारी ठेवा. मग दूध न सोसणारा, कांदा न सोसणारा, ॲलर्जीवाला, प्रत्येक जण आपापलं ठरवेल. ज्यांच्या स्वयंपाकघरात गव्हाचं पीठ रोज उडतं त्यांनी या टेबलासाठी शिजवलेलं आणण्यापेक्षा धुतलेली अख्खी फळं आणली तर जास्त बरं, यात कुणी कमीपणा मानू नये. आणि डबा आणलेल्याला ‘एक घास तरी घ्या’ असा आग्रह करू नका. त्याला नाही म्हणायला फार जड जातं.

---

प्रेषक: एक नवा सभासद

ताई, समिती, खूप आभार. आहारतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. डाळी आणि अंडी परत कशी सुरू करायची ते त्यांनाच विचारतो. टेबलाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम मला द्या. पाकिटं पाठवणाऱ्यांनी मागच्या बाजूचा, बारीक अक्षरांचा फोटो पाठवावा, पुढच्या बाजूचा नको.