स्मिता पाटील: ‘उंबरठा’ आणि ‘जैत रे जैत’ नंतर कोणता?

अर्धं तिकीट
स्मिता पाटीलचे ‘उंबरठा’, ‘जैत रे जैत’, ‘अर्थ’ आणि ‘शक्ती’ पाहून झालेत. पुढच्या आठवड्यात चार रात्री मोकळ्या आहेत. यादीत भूमिका, मंथन, चक्र, मिर्च मसाला, बाजार, मंडी आणि गमन आहेत. यातले चार निवडायचे तर कोणते, आणि कोणत्या क्रमाने? दोन रात्री तेरा वर्षांची मुलगी सोबत बसणार आहे, तेव्हा तेही धरून सांगा.

शिवाय काही फुटकळ शंका. ‘भूमिका’च्या दोन कॉपी दिसतात. एक 142 मिनिटांची, दुसरी 136 ची, म्हणजे सहा मिनिटं कापलीत का? दोन्हींत मधेच रंग जाऊन चित्र काळं-पांढरं होतं, ही प्रिंटची खराबी आहे का? आणि ‘उंबरठा’ पाहिल्यावर ‘सुबह’ पाहण्यात काही हशील आहे का?

रीळ नंबर सात
आधी शंका निकालात काढू.

रंग जातो ती खराबी नाही, पिक्चर तसाच आहे. ‘भूमिका’त (1977) सिनेनटी उषाचं (स्मिता) चालू आयुष्य रंगीत आहे आणि मागच्या आठवणी सुरू झाल्या की रंग उतरतो. श्याम बेनेगल आणि कॅमेरामन गोविंद निहलानी यांनी काळाच्या थरांप्रमाणे चित्राचा पोतच बदललाय. त्यामुळे टीव्हीचा रंग वाढवायला जाऊ नका, सगळा हिशेब बिघडेल.

142 आणि 136 चं गणित सोपं आहे. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमने चित्रित होतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही आणि डीव्हीडीच्या कॉपी 25 फ्रेमने चालतात, म्हणजे सगळं चार टक्के लवकर संपतं. 142 ला 24 ने गुणा, 25 ने भागा, 136 येतात. काही कापलेलं नाही, फक्त आवाज किंचित पातळ लागतो. 130 च्या खाली लांबी दिसली तर मात्र कात्री चाललीय असं समजा. ती बहुतेक गाण्यांवर नाहीतर सुरुवातीच्या नामावलीवर चालते. ‘भूमिका’तलं गाणं कापलेलं असेल तर ती कॉपी सोडून द्या, कारण वनराज भाटियांनी प्रत्येक दशकाच्या चित्रपटसंगीताचा बाज वेगळा पकडलाय आणि साल कोणतं चाललंय ते अर्धंअधिक गाण्यावरूनच कळतं.

‘सुबह’ आता नको. जब्बार पटेलांनी एकच पिक्चर दोन भाषांत केला. ‘उंबरठा’ झालाय, ती रात्र दुसऱ्या पिक्चरला द्या.

क्रमाचं विचाराल तर पहिला ‘भूमिका’च. पहिलं राष्ट्रीय पारितोषिक तिला याच भूमिकेसाठी मिळालं. जन्म ऑक्टोबर 1955 चा, म्हणजे तेव्हा वय जेमतेम एकवीस-बावीस, आणि पडद्यावर ती अल्लड पोरीपासून वयात आलेल्या मुलीच्या आईपर्यंत जाते. मेकअपकडे बघू नका, मान बघा. नाचणारी उषा हनुवटी उचलून चालते. विनायक काळेच्या (अमरीश पुरी) वाड्यात आल्यावर तीच मान हळूहळू खाली जाते, आणि मुलाला घेऊन जत्रेला जायची परवानगी मागते तेव्हा ती वाक्य बोलायच्या आधीच हरलेली असते. वाडा मोठा, मान मोठा, फाटकाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. ‘उंबरठा’तली सुलभा महाजन ताजी असेल तर हा भाग जास्तच लागेल.

तिसरी घंटा
कॉपीचं सगळं मान्य, क्रम मान्य नाही. ‘भूमिका’ पहिल्याच रात्री लावला तर पुढचे तीन फिके वाटतील. शिवाय तेरा वर्षांची मुलगी बरोबर आहे, ‘भूमिका’ तिच्या वयाचा नव्हे. पहिली रात्र ‘मंथन’ची (1976).

कारण रोकडं आहे: या यादीत सगळ्यात स्वच्छ प्रिंट त्याचीच. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने तो 4K मध्ये नव्याने उजळून काढला, 2024 च्या मे महिन्यात कान महोत्सवात क्लासिक्स विभागात दाखवला आणि जूनमध्ये आपल्याकडे थिएटरात लागला. निवडायची वेळ आली तर तीच कॉपी शोधा. जुन्या कॉपीत रात्रीचे प्रसंग नुसते काळे गोळे आहेत.

मुलीला समजावायलाही सोपा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी माणशी दोन रुपये दिले, त्यातून दहा लाख जमले आणि पिक्चर झाला. नामावलीत निर्माते म्हणून तेच आहेत, म्हणून सुरुवात चुकवू नका. बघायला बसण्यापूर्वी एवढंच सांगा, की दुधाचा दर त्यातल्या फॅटवर ठरतो. ते कळलं की डॉ. राव (गिरीश कर्नाड) दूध का तपासत फिरतो आणि खासगी डेअरीवाल्या मिश्राच्या पोटात का दुखतं, हे तिला आपोआप उमगेल.

आणि बिंदूचं (स्मिता) बसणं बघा. उकिडवी बसते, पदर दातात धरते, हात कामात, आणि मान न उचलता शहरी साहेबाला उडवून लावते. भूमिका लहान आहे, पण पडद्यावर नसतानाही ती कुठे आहे याचा शोध डोळे घेत राहतात.

मॅटिनी
दोघंही एक धागा विसरताय. या बाईचे कितीतरी हिंदी पिक्चर मराठी पुस्तकांतून उगवलेत. ‘भूमिका’ हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वरून, ‘चक्र’ (1981) जयवंत दळवींच्या त्याच नावाच्या कादंबरीवरून, ‘कोंडुरा’ चिं. त्र्यं. खानोलकरांवरून, ‘अर्धसत्य’ (1983) श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून. मराठी प्रेक्षकाने याच क्रमाने पाहावं: आठवडाभर पुस्तक आणि पिक्चर अशी जोडी. ‘सांगत्ये ऐका’ मात्र पिक्चरनंतर वाचा, नाहीतर प्रत्येक प्रसंगाला ‘हे असं नव्हतं’ चालू राहतं.

‘चक्र’ कुणी कसा विसरतं? दुसरं राष्ट्रीय पारितोषिक त्याचंच. दिग्दर्शक रवींद्र धर्मराज. मुंबईची झोपडपट्टी, अम्मा (स्मिता), तिचा पोरगा बेनवा, आणि तिच्या आयुष्यातले दोन पुरुष: लुका (नसीरुद्दीन शाह) आणि ट्रकड्रायव्हर (कुलभूषण खरबंदा). त्या काळी नळावरच्या अंघोळीच्या दृश्याचं पोस्टर करून भलतीकडेच बोभाटा झाला. पिक्चरमध्ये तो प्रसंग रोजच्या पाण्याच्या भानगडीचा आहे, झोपडीत न्हाणी नाही एवढाच त्याचा अर्थ. पण मुलीसोबत नको. मंडीही नको.

‘अर्धसत्य’ घ्याच. तेंडुलकरांची पटकथा आणि दिलीप चित्र्यांची कविता, आणखी काय हवं?

रीळ नंबर सात
‘अर्धसत्य’ थोर पिक्चर, पण प्रश्न स्मिता पाटीलचा आहे. तो ओम पुरीचा पिक्चर. ज्योत्स्नाच्या वाट्याला मोजके प्रसंग येतात. तसंच ‘मंडी’चं: तिथे दुकान शबाना आझमीचं आहे, झीनत बाजूला. चार रात्रींत असले ‘तिचाही आहे’ छापाचे पिक्चर घेऊ नयेत. ‘कोंडुरा’ची नीट कॉपी मिळणं हीच एक मोहीम आहे, ती या आठवड्यात काढू नका.

‘मंथन’ पहिला, हे मात्र पटलं. मुलीचा मुद्दा निसटला होता.

तिसरी घंटा
मग मुलीची दुसरी रात्र ‘मिर्च मसाला’ची. धमकी कसली आहे ते तिला कळेल, तेवढं बोलून घ्या. पण अंगावर येणारं उघडंवाघडं काही नाही. शेवट सांगत नाही. नदीवरचा पहिला प्रसंग मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. सुभेदार (नसीर) घोडा घेऊन पाण्यात घुसतो, बाकीच्या बायका पळतात, सोनबाई (स्मिता) हलत नाही. जनावरांची जागा तिकडे आणि माणसांची इकडे, हे ती त्याला ऐकवते आणि मग ओंजळीत पाणी घालते. पुढच्या दोन तासांची सगळी गणितं त्या ओंजळीत आहेत: तो खाली वाकलाय, ती उभी आहे.

टीव्हीची एक गोष्ट. चित्राची सेटिंग ‘विविड’वर असेल तर ती ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’वर आणा. या पिक्चरमध्ये वाळत घातलेल्या मिरच्यांचे ढीगच्या ढीग आहेत आणि विविडमध्ये लाल रंग इतका फुगतो की ढीग सपाट दिसतो, मिरची सुटी दिसत नाही. ‘मोशन स्मूदिंग’ नावाचा प्रकारही बंद करा, त्याने चाळीस वर्षांपूर्वीचा पिक्चर कालच्या मालिकेसारखा दिसतो.

मॅटिनी
तिचा शेवटचा पिक्चर, म्हणून तोच शेवटी ठेवा.

रीळ नंबर सात
शेवटचा नव्हे. 13 डिसेंबर 1986 ला ती गेली, ‘मिर्च मसाला’ त्यानंतर 1987 मध्ये लागला, हे खरं. पण तिचे पिक्चर पुढेही येत राहिले. ‘वारिस’ 1988 चा. ‘शेवटचा’ म्हणून बघायला बसलं की प्रत्येक फ्रेममध्ये उगाच सूचक काहीतरी दिसायला लागतं. सोनबाई त्यापेक्षा जास्त जिवंत आहे.

अर्धं तिकीट
म्हणजे मुलीसोबत मंथन आणि मिर्च मसाला, नंतर भूमिका आणि चक्र. बाजार आणि गमन राहिले. ‘भूमिका’ लावून पाहिला, त्यात चेहरे जरा रुंद दिसतायत. तीही टीव्हीची भानगड का? आणि हिंदी सोडून काही घ्यावं का? सबटायटल चालतील.

रीळ नंबर सात
कॉपी ताणलेली आहे. जुन्या चौकोनी चित्राला ओढून रुंद पडदा भरलाय. खात्री करायला पडद्यावर गोल वस्तू शोधा: कुंकू, गाडीचं चाक, ग्रामोफोनची तबकडी. लंबगोल दिसली की ताणलीय. टीव्हीवर ‘पिक्चर साइज’मध्ये 4:3 निवडा. संगणकावर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘ए’ दाबत राहा, दर दाबण्याला प्रमाण बदलतं, कुंकू गोल झालं की थांबा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, ते यायलाच हवेत. याउलट, चेहरे नीट पण कपाळं कापलेली दिसली, तर वरखालचं चित्र छाटून पडदा भरलाय. त्याला इलाज नाही, दुसरी कॉपी शोधा.

कोपऱ्यातली खुर्ची
हिंदीबाहेर जायचं तर सरळ मृणाल सेनचा ‘अकालेर संधाने’ (1980). बंगाली आहे. 1943 च्या दुष्काळावर पिक्चर काढायला एक युनिट खेड्यात येतं आणि त्यातली नटी म्हणून स्मिता पाटील स्मिता पाटीलच असते, नावासकट. एका प्रसंगात ती दुष्काळाचे फोटो एकेक करून पुढे धरते आणि बाकीचे साल ओळखत बसतात. खेळ चाललाय, हसणंखिदळणं चाललंय, आणि फोटो तसले. बर्लिनला त्याला रौप्य अस्वल मिळालं होतं. तिचं अभिनेत्री म्हणून काम कसं चालतं हे ज्याला बघायचंय त्याने ‘चक्र’ पुढे ढकलून हा घ्यावा, असं स्पष्ट मत.

यात संवाद भराभर येतात, म्हणून सबटायटल मागेपुढे असेल तर आधीच जुळवा. व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ने ते पुढेमागे सरकतं. 25 फ्रेमच्या कॉपीला 24 ची फाइल लावली तर सुरुवातीला जुळतं आणि तासाभरात दोन मिनिटांहून जास्त घसरतं. तेव्हा सरकवत बसू नका, दुसरी फाइल घ्या.

मुलगी आणखी एका रात्री बसली तर ‘भवनी भवाई’ (1980), गुजराती, ‘मिर्च मसाला’वाल्या केतन मेहताचाच. नसीर राजा, मोहन गोखले आणि स्मिता. गळ्यात थुंकायचं मडकं आणि मागे झाडू बांधून चालणारी माणसं गाण्या-सोंगांच्या भवाई लोकनाट्यात दिसतात, तेव्हा हसू घशातच अडकतं. आणि त्याला शेवट दोन आहेत. पहिला झाला की रिमोट उचलू नका.

तिसरी घंटा
आणि एखादी रात्र अर्धीच उरली तर ‘सद्गती’ (1981). सत्यजित रायनी दूरदर्शनसाठी प्रेमचंदांच्या कथेवर केलेला, तासाच्या आत संपतो. ओम पुरी, मोहन आगाशे, स्मिता. जेवण उरकून मग लावा, जेवताना नको. ‘गमन’ मात्र दिवसा बघू नका. गावात वाट बघणारी खैरुन बहुतेक गप्पच असते आणि छाया गांगुलींचं गाणं लागतं तेव्हा घरात दुसरा आवाज नसावा. ‘बाजार’ला घाई नाही, गाणी तुम्हाला पाठच असतील.