तुमची डस्ट कोणावर गेली? पोकेमॉन गो खेळणाऱ्यांचे अनुभव

मेहरूणकर
कानबाई देवी बसायची म्हणून परवा माळा झाडायला काढला अन् पत्र्याच्या डब्यात माझा जुना फोन सापडला. चार्जरला लावला तर अर्ध्या तासाने सुरू झाला. कव्हरचा रंग एका बाजूने उडालाय, तिथं अप्पांचा अंगठा असायचा.

गेम आपल्याकडे अधिकृतपणे आला १४ डिसेंबर २०१६ ला. जिओचं सिम नवं होतं, नेट फुकट, मी जळगावला कॉलेजात. त्याच हिवाळ्यात अप्पांना शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले रोज चाला, आणि अप्पा काही केल्या घराबाहेर पडेनात. मग मी म्हटलं माझा मासा तरी फिरवून आणा. मॅजिकार्प. त्याला बडी (सोबत चालणारा पोकेमॉन) केलं की किलोमीटरला एक कँडी, आणि त्याचं रूप बदलून ग्याराडोस करायला कँड्या लागतात ४००. तेव्हा ॲप उघडं असेल तरच अंतर मोजायचं, आपोआप मोजणारं ॲडव्हेंचर सिंक २०१८ च्या शेवटी आलं. म्हणून अप्पा मेहरूण तलावाला चक्कर मारायचे ते फोन छातीसमोर सरळ धरून, स्क्रीन चालू ठेवून, निरांजन धरतात तसं. घरी आले की चप्पल काढता काढता सांगायचे, "माझ्या दोन गोळ्या अन् तुझ्या माशाच्या चार."

आखाजीच्या (अक्षय तृतीया) आदल्या दिवशी ४०० भरल्या. आई खापरावर मांडे टाकत होती, अप्पा तिच्याशेजारी पाटावर, मी बटण त्यांनाच दाबायला लावलं. ते बघून म्हणाले, "अरे हा तं नाग निघाला!" आणि आईला तवा सोडून बघायला लावलं.

अप्पा २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. मी खेळणंही सोडलं. आता नव्या फोनवर लॉगिन केलं तर तो तिथंच आहे, आयव्ही (जन्मजात गुण, प्रत्येकी १५ पैकी) ९/४/११, लेवल २४. माझ्याकडे डस्ट (पोकेमॉनची लेवल वाढवायला खर्च होते ती) आहे ३ लाख १२ हजार. कुठलीही यादी बघितली तर सांगतात असल्या पोकेमॉनवर डस्ट टाकू नका. तुमचं सांगा. तुमची पहिली डस्ट कोणावर गेली आणि आज टाकायची तर कोणावर, क्रमाने.

चोपडेकर_भो
भो वाचून कसंतरी झालं. गोळ्यांचं वाक्य लई भारी. रात्री लिहितो सविस्तर, आत्ता दुकानात गिऱ्हाईक आहे. आधी एक काम कर, त्या ग्याराडोसला स्टार लाव. स्टार असला की ट्रान्सफर (प्रोफेसरकडे कायमचा पाठवणं) होत नाही. माझ्या मावसभावाने जागा करून देतो म्हणत माझा पहिला व्हेपोरिऑन प्रोफेसरकडे पाठवून दिला होता, २०१७ पासून ते मनात आहे.

मेहरूणकर
लावला. पहिलं तेच केलं.

पांझराकाठचा_मास्तर
मी गणित शिकवतो म्हणून आधी हिशेब मांडतो, क्रम नंतर. लेवल १ पासून ४० पर्यंत एकूण २,७०,००० डस्ट आणि ३०४ कँड्या. साधा पोकेमॉन पकडला की १०० डस्ट, म्हणजे नुसतं पकडून एक चाळीसला न्यायचा तर २७०० वेळा बॉल फेका. आता यातलं महत्त्वाचं. २० वरून ३० ला जायला ७५,००० लागतात आणि ताकद वाढते साधारण २२ टक्के. ३० वरून ४० ला बरोबर दुप्पट, दीड लाख, आणि ताकद वाढते फक्त ८ टक्के. त्यापुढे ४० ते ५० ला अजून अडीच लाख डस्ट आणि २९६ एक्सएल कँड्या, तो रस्ता घाईने धरूच नये. म्हणून माझ्या पोरांना (शाळेतली आठ-दहा खेळतात) मी सांगतो की एकाला चाळीस करण्याआधी दोघांना तीस करा, रेडमध्ये (मोठ्या पोकेमॉनशी एकत्र लढाई) सहाची टीम उतरते, एकटा नाही.

क्रम माझा: पहिला मेटाग्रॉस, पण मीटिओर मॅश मूव्ह (वार) असलेलाच, तो २०१८ च्या ऑक्टोबरमधल्या कम्युनिटी डेला (गेमचा खास दिवस) मिळाला होता आणि त्या एका मूव्हने तो कुठल्या कुठे गेला. दुसरा मॅमोस्वाइन, कारण ड्रॅगन आणि फ्लाइंग दोन्ही एकत्र असलेल्या रेक्वाझा, सॅलमेन्स, ड्रॅगनाइटवर बर्फाचा मार दुप्पटीने बसतो आणि त्याचं मूळ रूप स्वायनब पकडायला काही नवस बोलावा लागत नाही. तिसरा रायपेरिअर रॉक रेकरवाला. चौथा मॅचँप. पाचव्या जागेवर ज्याचा त्याचा जीव.

आयव्हीचं फार मनावर घेऊ नका. शून्य आणि पंधरामधला फरक दिसतो तेवढा लढाईत जाणवत नाही, मूव्ह आणि लेवल जास्त जाणवतात.

सागरी_नाही_साक्री
मास्तर क्रम चुकला, रेक्वाझा पाहिजे एक नंबरला!! आमच्याकडे ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या उगाच नाही लावल्या, वारा सुटला की गेममध्ये पण विंडी दिसतं आणि विंडी म्हणजे ड्रॅगन, फ्लाइंग, सायकिक तिन्हींना जोर. साक्रीत बसून मी जेवढे ड्रॅगन पकडले तेवढे नाशिकला दोन वर्षं राहून नाही मिळाले.

पांझराकाठचा_मास्तर
वाऱ्याचं मान्य. पण नवीन माणसाला रेक्वाझाच्या कँड्या कुठून येणार? रेडशिवाय तो सहसा भेटत नाही. मी सगळ्यांसाठी लिहिलं.

रावेर_केळीबाग
वेदरचा विषय निघालाच आहे तर ऐका, उन्हाचा फायदा आपल्या जळगाव जिल्ह्याइतका कोणाला नाही. मार्चपासून जूनपर्यंत गेम उघडा, सनी. सनीमध्ये फायर, ग्रास आणि ग्राउंड. रेडमधून नेहमी लेवल २० चा मिळतो पण वेदर जुळलं की २५ चा मिळतो. मी ग्राउडॉन मे महिन्यातच धरले, पाच लेवल फुकट. मास्तर किती डस्ट वाचली?

पांझराकाठचा_मास्तर
२० ते २५ म्हणजे ३१,०००.

रावेर_केळीबाग
बघा. म्हणून माझा पहिला नंबर ग्राउडॉन, त्यातून प्रायमल (त्याचं जोरदार रूप) केला तर ग्राउंड, फायर, ग्रास तिन्ही टाइपच्या सोबत्यांना जोर देतो, म्हणजे पाऊस असला तरी आपलं ऊन आपल्यासोबत. आमच्या गावात आधी एकही स्टॉप (बॉल वगैरे मिळतात ती नकाशावरची जागा) नव्हता, लेवल ४० झाल्यावर नॉमिनेशन, म्हणजे नवा स्टॉप सुचवणं, करता यायला लागलं तर मी पहिला मारुतीच्या देवळाचा फोटो टाकला. एकदा नाकारला, फोटोत ट्रॅक्टर आला होता. दुसऱ्यांदा पहाटे जाऊन काढला, पायऱ्या धुतलेल्या होत्या, पास झाला. ज्या दिवशी नकाशावर निळा ठोकळा उगवला त्या दिवशी मी पुजारीबाबांना दाखवायला गेलो, त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले मारुती ओळखू येतो. आता संध्याकाळी चार पोरं पारावर बसतात. मजूर मिळेना म्हणून घड उतरवायला उशीर होतोय, त्यात हे लिहितोय, माफी.

आंडोरनी_माय
भाऊ तुमनं वाचीसन डोयाले पानी उनं. मन्हा आंडोर (पोरगा) आठवीले शे, तो बी हाऊच खेळ खेळस, मी दिवसभर वरडस त्याले. आज त्याला सांगितलं की आबांसोबत फिरायला जा आणि तुझं ते जे काय आहे ते घेऊन जा. आबांचे गुडघे दुखतात पण नातवाने बोलावलं तर जातील. एक विचारायचं होतं, तो म्हणतो ईव्हीला नाव दिलं की पाहिजे तो होतो, हे खरं आहे का मला फसवून राहिला? नाव बदलायला म्हणून माझा फोन मागतो.

चोपडेकर_भो
ताई खरं आहे. रेनर ठेवलं की पाण्याचा व्हेपोरिऑन, स्पार्की ठेवलं की विजेचा, पायरो ठेवलं की आगीचा. पण प्रत्येक नाव एकदाच चालतं. स्पेलिंग बरोबर टाकायला सांगा. आणि फोन त्याचाच लागतो, तुमचा नाही 🙂

आंडोरनी_माय
बरं झालं विचारलं.

सिस्टर_नंदुरबार
माझी सगळी डस्ट ब्लिसीवर. सगळे हसतात की मारत तर नाही कोणाला. मारायचं नाहीच तिला, जिममध्ये (आपल्या टीमसाठी राखायची जागा) उभी राहायची आहे. दहा मिनिटांना एक कॉइन, दिवसाला जास्तीत जास्त ५०, म्हणजे ८ तास २० मिनिटं टिकली की त्या दिवसाचं काम झालं, आणि माझी ड्युटी पण आठ तासांची. सकाळी जाताना चौकातल्या जिमवर बसवायची, घरी येताना बघायचं पडली का. २०२० ला आम्ही हॉस्टेलला अडकलो होतो, घरी जाता येत नव्हतं, किट काढल्यावर नाकावर वळ असायचे. रात्री गच्चीवर जाऊन तिला बेरी खाऊ घालायची. लांबून बेरी दिली की मोटिव्हेशन वाढतं. दिवसभर कोणाकोणाला सलाईन लावून आल्यावर हे एक जण तरी पूर्ण बरं होतंय असं दिसायचं. रिमोट पास (लांबून रेड खेळायचा) आला त्याच वर्षी, मग पुण्याहून भाऊ रेडला बोलवायचा आणि आम्ही फोनवर बोलत बोलत खेळायचो. मेहरूणकर दादा, तुमच्या अप्पांसाठी वाईट वाटलं. तो एप्रिल आम्ही पण पाहिला आहे.

मेहरूणकर
ताई, तुम्ही लोक होतात म्हणून. शब्द नाहीत.

भुसावळ_यार्ड
रेल्वेत आहे, ड्युटीच्या वेळा वेड्यावाकड्या. माझा क्रम एकच, जो लकी (ट्रेडमधून, म्हणजे अदलाबदलीतून, कधीकधी मिळतो) आहे तो आधी. लकीला डस्ट निम्मी लागते, आणि आयव्ही तिन्ही १२ च्या खाली येत नाही. मुलगी नाशिकला शिकते. रोज एकमेकांना गिफ्ट पाठवतो, ९० दिवसांनी बेस्ट फ्रेंड, त्यानंतर एका सकाळी लकी फ्रेंड लागलं, म्हणजे पुढचा ट्रेड नक्की लकी, ती होस्टेलवरून ओरडली फोनवर. पण तेव्हा ट्रेडला समोरासमोर यावं लागायचं. दिवाळीला ती आली, मी नाइट करून घरी, बॅग खाली ठेवायच्या आधी अंगणात दोघं फोन काढून उभे. माझा टायरॅनिटार तिला, तिचा मेटाग्रॉस मला. दोन्ही सोनेरी. तो एकच माझा लेवल ४० आहे. बायको म्हणाली आधी तिला पाणी तरी विचारा.

अजून एक, मॅचोक, हॉन्टर, कडाब्रा हे ट्रेड करून घ्या, मग शेवटच्या इव्होल्यूशनला कँडी लागत नाही. मॅचँपच्या १०० कँड्या वाचतात, त्या पॉवर अपला येतात.

सागरी_नाही_साक्री
काका हे माहीतच नव्हतं!! मी सहा मॅचँप कँड्या घालून केले.

चोपडेकर_भो
आलो परत. दुकान बंद केलं, शेवभाजी खाल्ली, आता लिहितो. शॅडोबद्दल (टीम रॉकेटकडून सोडवलेले पोकेमॉन) कोणी बोललं नाही. शॅडोचा मार २० टक्क्यांनी जास्त, मार खातो पण जास्त, आणि पॉवर अपला डस्ट आणि कँडी २० टक्के जादा. शॅडो मॅमोस्वाइन माझा जीव आहे. फक्त घाईने प्युरिफाय (परत साधा) करू नका आणि फ्रस्ट्रेशन मूव्ह काढायला रॉकेटचा इव्हेंट येईपर्यंत थांबा, त्याच वेळी मूव्ह बदलायचा चार्ज्ड टीएम लागू होतो. पहिली डस्ट मात्र ड्रॅगनाइटवर गेली. एस्टीत बसलो होतो, अमळनेर सोडलं आणि फाटक लागलेलं, गाडी उभी, समोर ड्रॅटिनी. फाटक उघडेपर्यंत पकडला. कंडक्टर म्हणे काय सापडलं, मी म्हटलं साप. तो खरंच सीटखाली बघायला लागला, पूर्ण बस उठून उभी राहिली, मग मला सगळ्यांना स्क्रीन दाखवावी लागली.

रावेर_केळीबाग
भो 😂😂 शेवभाजी कुठली?

चोपडेकर_भो
घरचीच, काळ्या मसाल्याची. तू केळी पाठव, मी शेव पाठवतो.

पांझराकाठचा_मास्तर
मेहरूणकर, तुमच्या मूळ प्रश्नावर परत येतो, दिवसभर डोक्यात होतं. ग्याराडोसला मेगा (तात्पुरतं जोरदार रूप) आहे. वॉटर आणि डार्क. मेगा झाला की रेडमध्ये सोबत असलेल्या सगळ्यांच्या वॉटर आणि डार्क मूव्हला जोर मिळतो, तिथं तुमचे ९/४/११ कोणी विचारत नाही. मूव्ह वॉटरफॉल आणि हायड्रो पंप ठेवा किंवा बाइट आणि क्रंच. पहिल्यांदा मेगा एनर्जी रेडमधून जमवावी लागेल. एकदा मेगा झाला की पुढची एनर्जी त्याला बडी करून चाललं तरी मिळते. लेवल ३० पर्यंत न्या, २४ वरून ५१,००० डस्ट लागेल, बाकीची अडीच लाखाच्या वर मेटाग्रॉस आणि मॅमोस्वाइनला शिल्लक राहते.

मेहरूणकर
मास्तर, चालून मिळते हे वाचून मी थोडा वेळ फोन खालीच ठेवला.

सिस्टर_नंदुरबार
दादा मेगा ग्याराडोसची रेड लागली की सांगा. माझे रोज दोन रिमोट पास पडून असतात.

भुसावळ_यार्ड
मला पण बोलवा. नाइट नसेल तर प्रत्यक्ष येतो, अर्धा तास लागतो.

आंडोरनी_माय
आंडोर म्हनस त्याले बी यानं शे. त्याच्या बाबांना विचारून सांगते.

मेहरूणकर
अपडेट. आज सकाळी ३० केला. एकेक वेळा दाबत गेलो, आई शेजारी होती, तिने ओळखला, "हा त्यांचा नाग ना?" मग म्हणाली मला पण दे धरायला. तिला सांगितलं की आता हातात धरावा लागत नाही, पिशवीत ठेवला तरी मोजतो. तरी तिने हातातच धरला. तलावाला एक चक्कर झाली, बोरांच्या झाडापाशी थोडी बसली. २ किलोमीटर ३००.

चोपडेकर_भो
रविवारी सकाळी मेहरूणला कोण कोण येतंय ते लिहा. भरताची वांगी मी आणतो.

सागरी_नाही_साक्री
मी आलो. कळण्याच्या भाकरी कोण आणणार?