गुंठा, तोळा, पायली आता व्यवहारातून बंद करावी का?

करवीरकर: 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, सातबाऱ्यावर हेक्टर-आर आलं, तरी आपल्याकडं जमिनीचा सौदा गुंठ्यावरच. बोलताना काहीही म्हणा, पैसे ठरवताना गुंठा नको. गुंठा म्हणजे 33 बाय 33, 1089 चौरस फूट. आर साधारण 1076. लोक दोन्ही एकच धरतात. सातबाऱ्यावरचे 20 आर बघून 20 गुंठ्यांचे पैसे दिले की 252 चौरस फुटांचे जादा गेले. कोल्हापूरजवळ पाचगाव-कळंब्याकडं तेवढ्या जागेत दोन खोल्या होतात.

उसाचा फड: दादा, यात गुंठ्याची काय चूक? न बघता पैसे मोजणाऱ्याची आहे. आमच्या वाटण्या गुंठ्या-आण्यातच झाल्यात. गुंठ्याचे आणे 16, चार भावांना चार-चार. म्हातारी माणसंसुद्धा तोंडी हिशेब करतात.

गुजरीजवळची: मी करवीरकरांच्या बाजूची. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आता सराफाकडं तोळा म्हणजे 10. जुन्या चिठ्ठीवर ‘साज, 4 तोळे’ असेल तर तो साडेसेहेचाळीस ग्रॅमच्या वर भरला पाहिजे. मोडताना कुणी 40 धरला तर केवढं सोनं गेलं! बायकांनो, काट्यावरचा ग्रॅमचा आकडा स्वतः बघा.

चिपटं-मापटं: जमीन-सोनं ठीक, पण धान्याचं काय? ओल्या शेंगा किलोवर घेतल्या की पाण्याचेही पैसे जातात, मापट्यानं, म्हणजे पायलीसारख्या मोजायच्या भांड्यानं, घेतल्या तर तेवढा फटका बसत नाही. आमची आई अजून मापट्यानंच घेते. माप भरलं की वर शीग चढवायची, कडेनं शेंगा ओघळायला लागल्या की हात थांबवायचा. पहिल्या मापाला ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणायचं, तिथून मोजणी सुरू. घेणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, काय मिळालं ते.

करवीरकर: ताई, शीगच तर खरी अडचण. घेताना शीग, मजुरीचं धान्य देताना माप सपाट. त्यात मण कुठं 12 पायल्यांचा, कुठं 16 चा. यात गरिबाचंच नुकसान झालंय.

उसाचा फड: आणि काट्यावर होत नाही? ऊस काट्यावरच मोजतात, तरी काटामारीवरून दर हंगामात भांडणं आहेतच की.

करवीरकर: आहेत, पण काट्यावर प्रमाणित वजन ठेवून तपासणी मागता येते, वैधमापन खात्याकडं तक्रार करता येते. शिगेची तक्रार कुणाकडं करायची?