मदत हवी आहे: जुळं आहे, दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी लागतेच का?

तापीकाठ: मिसेसला जुळं आहे. डॉक्टर दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी सांगतात. वहिनीच्या वेळी सगळ्या मिळून तीनच झाल्या होत्या. गावाहून जळगावला जायचं तर अख्खा दिवस मोडतो, गाडीभाडं वेगळं. आई म्हणते, पैसे काढायचे धंदे. सातव्यात माहेरी धडगावला पाठवायचंय. उद्याची तारीख दिलीय, लवकर सांगा.

धुळेकर: महिना कितवा? बीपी? हिमोग्लोबिन? काहीच लिहिलं नाही भाऊ.

तापीकाठ: पाचवा सरत आलाय. हिमोग्लोबिन 8.9, गोळ्या चालू आहेत. मी फक्त सोनोग्राफीचं विचारलंय.

रावेरचा_बागायतदार: जोडकेळ खाल्लं असेल. आमच्याकडे बायांना देत नाहीत.

धुळेकर: मग रावेरात घरोघरी जुळी असती! 8.9 कमी आहे. गोळी चहासोबत घेत असतील तर बंद करा, लोह अंगाला लागत नाही.

शहाद्याची_काकू: माझ्या भाचीची जुळी घरीच झाली, दोन्ही धडधाकट. कळण्याची भाकरी, वर तूप. हल्ली डॉक्टर उगाच घाबरवतात.

रात्रपाळी: काकू, भाचीचं छान झालं. पण निम्म्याहून जास्त जुळी 37 आठवड्यांच्या आतच येतात. मी नवजात कक्षात नर्स आहे. सव्वा किलोच्या बाळाला दर दोन तासांनी नळीतून चमचाभर दूध द्यावं लागतं, ते भाकरी-तुपाने टळत नाही. तापीकाठ, वार (नाळ जिला जोडलेली असते ती) एक की दोन?

तापीकाठ: ते कुठे असतं? रिपोर्ट आईच्या कपाटात आहेत.

रात्रपाळी: काढा. पहिल्या तीन महिन्यांतला बघा.

शहाद्याची_काकू: भाची घरी बाळंत झाली तरी दोन दिवसांनी दवाखान्यात न्यावी लागली होती म्हणा. अंगावरून फार गेलं.

धुळेकर: हे आधी सांगायचं ना काकू! जुळ्यात पिशवी जास्त ताणलेली असते, नंतर नीट आवळत नाही. रक्ताची सोय असेल तिथेच बाळंतपण करा. धडगावहून घाट उतरून येईपर्यंत काय करणार?

तापीकाठ: सापडला. मोनोकोरियॉनिक डायअ‍ॅम्निऑटिक.

रात्रपाळी: म्हणजे पाण्याच्या पिशव्या दोन, वार एकच. वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. अशा शंभरातल्या दहा-पंधरा जणींत एकाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं. एकाचं पाणी आटतं, दुसऱ्याचं वाढतं. आईला बाहेरून कळेलच असं नाही, म्हणून सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी बघतात. वेळेत कळलं तर लेझरने इलाज होतो. वहिनींना एकच बाळ होतं ना?

तापीकाठ: हो, एकच. पण पोट एकदम ताणलंय म्हणते दोन दिवसांपासून. आई म्हणाली, जुळं आहे, ताणणारच.

रात्रपाळी: हे आत्ता सांगताय? मागची सोनोग्राफी कधी झाली?

तापीकाठ: चार आठवडे झाले. मधली चुकवली.

रात्रपाळी: मग उद्यावर टाकू नका. डॉक्टरांना आत्ता फोन करा, बोलावलं तर लगेच निघा. दम लागत असेल तर 108 लावा, मोटारसायकलवर नेऊ नका.

रावेरचा_बागायतदार: माझी पिकअप आहे. गाव कोणतं तुमचं?