'पुणे' या नावात 'पुण्य' आहे का?

प्रश्न : पुण्याचे, पुण्यात, पुण्याहून... प्रत्येक रूपात 'पुण्य' दिसतं. मग पुणे हे 'पुण्य'वरूनच आलं ना? आणि 'पुणेकर' व 'पुणेरी' यांत फरक काय?

— रूपांवरून असा निष्कर्ष काढू नका. एकारान्त नपुंसकलिंगी नामाच्या सामान्यरूपात शेवटच्या 'ए'चा 'या' होतो : ठाणे-ठाण्यात, गाणे-गाण्यात, तसं पुणे-पुण्यात. हा 'ण्य' व्याकरणाने आणलेला आहे. खुद्द 'पुण्य'चं सामान्यरूपही 'पुण्या'च, त्यामुळे घोटाळा. 'पुण्याचं काम' म्हणजे सत्कृत्य की पुण्याच्या कचेरीतलं काम, हे संदर्भानेच कळतं.

— पण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ.स. ७५८च्या ताम्रपटात 'पुण्यविषय' आहे! (विषय म्हणजे तेव्हाचा जिल्ह्यासारखा विभाग.)

— आहे, पण त्याच राजाच्या ७६८च्या ताम्रपटात 'पूनकविषय' आहे. दहा वर्षांत गावाचं नाव बदललं नसावं. बोलीतलं नाव संस्कृत दानपत्रात बसवताना ते दोन तऱ्हांनी लिहिलं गेलं, असं मला वाटतं. त्यातलं जवळचं कोणतं, हे उच्चारांवरून तपासा. 'र्ण', 'ण्य' अशी जोडाक्षरं मराठीत येताना 'न' होतात : कर्ण-कान, पर्ण-पान, अरण्य-रान. उलट दोन स्वरांमधला सुटा 'न' हा 'ण' होतो : पानीय-पाणी. शेवटचा 'क' गळून 'ए' उरतो : स्थानक-ठाणे. या हिशेबाने 'पुण्य'चं 'पून' व्हायला हवं होतं. 'पूनक'चं मात्र सरळ 'पुणें' होतं. जुन्या छपाईत शेवटी दिसणारा तो अनुस्वार नपुंसकलिंगाचाच.

— म्हणजे 'पुण्यनगरी' हा नंतरचा साज. शोभतो, पण व्युत्पत्ती म्हणून देऊ नये.

— दुसऱ्या प्रश्नाबद्दल. 'पुणेकर' म्हणजे तिथला रहिवासी. 'पुणेरी' म्हणजे तिथल्या धाटणीचा : पगडी, जोडा, पाटी. म्हणून एखादा माणूस पुणेकर असूनही पुणेरी नसू शकतो, आणि पुण्याबाहेर राहूनही अस्सल पुणेरी असू शकतो. 'पुणेरी रस्ते', 'पुणेरी हवामान' मात्र लिहू नका. तिथे साधं 'पुण्याचे', 'पुण्याचं' हवं.

— बिरुदांपैकी 'विद्येचं माहेरघर' गमतीदार आहे. 'माहेर' हा शब्द 'मातृगृह'वरून आला, म्हणजे घर त्यात आधीपासून आहेच. 'माहेरघर' म्हणताना आपण घराला घर जोडतो. रुळलेला शब्द आहे, दुरुस्त करायला जाऊ नये. 'पेन्शनरांचं गाव' आणि 'सायकलींचं शहर' आता भूतकाळातच वापरावीत.

— औरंगजेबाने दिलेलं 'मुहियाबाद' हे नाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. नातवाच्या स्मरणार्थ दिलं, लोकांच्या जिभेवर बसलंच नाही. इंग्रजी अमदानीतलं 'पूना' मात्र काही संस्थांच्या नावांत टिकलं आहे. तिथे नोंदणीत असेल तसंच लिहावं. १९३२चा करार मराठीत 'पुणे करार'च.

— आणि 'पुणे तिथे काय उणे'मधलं यमकही तपासा. संस्कृत 'ऊन' म्हणजे कमी, त्याला 'क' लागून 'ऊनक', त्याचं 'उणे'. पूनक-पुणे, ऊनक-उणे : दोन्ही शब्द एकाच घाटातून उतरलेले.